भाच्याची पिकअप, ८० चा काटा अन् खेपेमागं साडेचार लिटर तेल

आमच्या भाच्यानं दोन वर्षांखाली सेकंडहँड बोलेरो पिकअप घेतली, २०१८ ची, आणि गेवराई भागातल्या मळ्यांतनं भाजीपाला भरून संभाजीनगरच्या जाधववाडी मार्केटला न्यायचं काम धरलं. रात्री भरायचं, पहाटे लिलावाच्या आत पोचायचं, रिकामे कॅरेट घेऊन दुपारपर्यंत माघारी. जाऊन-येऊन २०० किलोमीटरच्या आसपास आणि महिन्याला २२ एक खेपा. यंदा पोळा झाल्यावर एका दुपारी गाडी माझ्या गॅरेजला लावली आणि म्हणला, "मामा, गाडी नुसतं तेल पिऊ लागलीय, नोझल गेले का पंप गेला बघा, घेतली तवा लिटरला साडेतेरा द्यायची, आता ९.८ वर आलीय."

साडेतेराची ९.८ म्हणजे काही थोडंथोडकं नाही. डिझेल आपल्याकडं नव्वदच्या वर, मराठवाड्यात तेल मनमाडच्या डेपोवरनं येतं म्हणून वाहतूक जास्त लागते, परभणीच्या लोकांना तर हे सांगायलाच नको. आणि भाजीपाल्याच्या धंद्यात गाडीवाल्याला सुटतं काय, तर तेल, टोल, हप्ता जाऊन जे उरेल ते. त्यामुळं ही सगळी केस मी नीट लिहून काढतोय, कारण पिकअपवाले असेच येतात, आल्या आल्या इंजिन खोला म्हणतात, नोझल-पंपाच्या कामात हजारो घालवतात आणि महिन्याभरानं पुन्हा तीच तक्रार.

मी आधी साध्या गोष्टी बघितल्या. एअर फिल्टर मळलेला होता पण चोंदलेला नव्हता, तरी बदलला. धूर काळा नाही. चारी चाकं जॅकवर उचलून हातानं फिरवली, ब्रेक कुठं धरत नाही. क्लच सरकत नाही. डिझेल कुठं गळत नाही. इंजिन धडधाकट. मग मी गाडीपासून दहा पावलं मागं गेलो आणि गाडीकडं एकदा नीट बघितलं, अन् मला वाटतं निम्मं उत्तर तिथंच होतं.

पुढं जाडजूड पाइपाचं बंपर गार्ड. काचेवर पत्र्याचा छज्जा, त्याच्यावर एलईडी लाइटची पट्टी. केबिनच्या टपावर लोखंडी कॅरिअर, त्यात स्टेपनी, दोर, दोन-चार कॅरेट. हौद्याच्या फळ्यांवर आणखी लोखंडी जाळी वाढवलेली आणि तिच्यावर कमानी, त्यावर ताडपत्री, सगळं मिळून केबिनच्या वर हातभर गेलेलं. मागं स्प्रिंगच्या पाट्यांत एक-एक पाटा जास्त टाकलेला. टायर कंपनीचे २१५/७५ आर १५ असताना २३५/७५ टाकलेले, गाडी उंच दिसती म्हणून. आत ॲम्प्लिफायर आणि मोठा बाजा. आणि ताडपत्रीच्या मागच्या कडेच्या पितळी रिंगा, त्यातल्या चार फाटून लोंबत होत्या, कापड रिंगेपासून सुटलेलं. मी ती रिंग हातात धरून त्याला विचारलं, "ही कशानं फाटली?" म्हणला, "वाऱ्यानं." मी म्हणलं, "बाबा, हे जाडजूड कापड फाडायला जी ताकद लागली ती कुठनं आली? वारा तर पडलेला असतोय पहाटे. ती ताकद तुझ्या टाकीतनं आली."

स्पीड विचारला तर म्हणला, "८० वर लॉक हाय ना गाडी, त्याच्या पुढं जातच न्हाई." म्हणजे स्पीड गव्हर्नर. मालवाहू गाडीला चौपदरी हायवेवर ८० चीच मर्यादा आहे, २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेपासून, आणि गव्हर्नर त्याच हिशोबानं लावलेला असतो. पण आमच्या पोरांनी याचा अर्थ असा घेतलाय की ८० म्हणजे गाडीचा नेहमीचा स्पीड, एक्सलेटर तळाला टेकवायचा आणि गव्हर्नर जिथं अडवील तिथं गाडी ठेवायची. गेवराईतनं निघाला की शहागडचा गोदावरीचा पूल, पाचोड, आडूळ, सगळीकडं पाय तळालाच. मर्यादा ही वरची कड असती, रोज तिथंच चालवायचं असं कुणी सांगितलेलं नाही.

त्याला म्हणलं, इंजिन मी खोलत नाही. १६ खेपा माझ्या पद्धतीनं मार, वही घाल, मग बोलू. त्याला ते पटलं नव्हतं, "६० नं अन् ८० नं असा काय फरक पडतोय मामा, २० चाच तर प्रश्न हाय," असं त्याचं म्हणणं.

हा २० चा प्रश्न नीट समजून घेण्यासारखा आहे. गाडी ओढताना इंजिन मुख्य दोन गोष्टींशी भांडतं, एक टायरचा रस्त्याशी होणारा विरोध आणि दुसरा हवेचा. टायरचा विरोध वजनावर ठरतो, स्पीड वाढला म्हणून तो फारसा वाढत नाही. हवेचं तसं नाही, तिचा विरोध स्पीडच्या वर्गानं वाढतो. स्पीड ६० चा ८० झाला म्हणजे १.३३ पट झाला, पण हवेचा विरोध १.३३ गुणिले १.३३, म्हणजे जवळपास पावणेदोन पट. आणि त्या विरोधाविरुद्ध दर सेकंदाला जी ताकद लावावी लागते ती तर २.३७ पट. भरलेल्या पिकअपला साधारण ६०-६५ च्या आसपास हवा आणि टायर बरोबरीला येतात, त्याच्या पुढं हवा सगळं खायला लागते. रिकामी गाडी असली तर ही बरोबरी आणखी खालीच, ५० च्या सुमाराला येते, कारण वजन कमी झालं तरी गाडीचं तोंड तेवढंच रुंद राहतं. म्हणून रिकामी गाडी पळवली तर काय होतंय हा जो सगळ्यांचा समज आहे तो मला सगळ्यात महागाचा वाटतो.

आपल्याकडं पीसीआरए म्हणजे पेट्रोलियम बचतीचं काम करणारी जी सरकारी संस्था आहे ती कित्येक वर्षं सांगतीय की ४५ ते ५५ च्या स्पीडला ८० च्या मानानं ४० टक्क्यांपर्यंत जास्त ॲव्हरेज मिळू शकतं. अमेरिकेनं तर १९७३ ची तेलटंचाई आल्यावर १९७४ मध्ये सगळ्या देशाला ५५ मैलांची, म्हणजे ८८-८९ किलोमीटरची स्पीड मर्यादा कायद्यानं लावली होती, आणि १९८७ ला थोडी सैल होऊन ती १९९५ ला उठली. पिकअपचा देश तो, तिथंही तेल वाचवायचं म्हणल्यावर पहिला हात स्पीडला घातला.

आता मोजायचं कसं. आमचे वडील एसटीच्या वर्कशॉपात होते, तिथं ड्रायव्हरचं केपीटीएल निघायचं, म्हणजे दहा लिटरला किती किलोमीटर, आणि वडील सांगायचे की एका दिवसाच्या आकड्यावर कुणाला चांगलं-वाईट म्हणायचं नसतं. एका लिटरवर कधीच मोजू नये. टाकी फुल करायची, पंपावरचं नोझल आपोआप कट झालं की थांबायचं, वरनं ठोकून ठोकून भरायचं नाही, डिझेलला फेस येतो आणि त्या फेसात अर्धा लिटर कुठं जातो कळत नाही. दोन खेपा झाल्या की त्याच पंपावर, त्याच मशीनवर, गाडी त्याच बाजूला तोंड करून पुन्हा फुल. दोन खेपांना ३०-४० लिटर लागतं, त्यात अर्ध्या लिटरची चूक झाली तरी दीड टक्क्यात जाते. एकाच खेपेवर मोजलं तर तीच चूक तीन टक्के होते आणि मग माणूस कुठल्याही गोष्टीवर विश्वास ठेवतो, अमुक पंपाचं डिझेल चांगलं, तमुक पावडर टाकली म्हणून वाढलं.

माल रोज ५० कॅरेट ठरवला, टोमॅटो असला की कॅरेटला २२ किलो धरून ११०० किलो. कमी-जास्त झालं तर वहीत लिहायचं. टायरची हवा पहाटे गाडी थंड असतानाच बघायची, दुपारी आपल्याकडच्या उन्हात रस्त्यावरनं आलेल्या टायरचा काटा खोटा बोलतो. पहिल्याच दिवशी मागच्या दोन्ही टायरला १२ पॉईंट हवा कमी निघाली. ती आधी बरोबर केली आणि मगच मोजणी सुरू केली, नाहीतर कशाचं श्रेय कशाला गेलं असतं कळालं नसतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मीटर. २३५ चा टायर कंपनीच्या टायरपेक्षा मोठा आहे. २१५/७५ आर १५ ची उंची काढली तर ७०३ मिलिमीटर आणि थोडं, २३५/७५ ची ७३३ आणि थोडं, म्हणजे सव्वाचार टक्के जास्त. टायर एका फेरीत जास्त रस्ता कापतो पण मीटरला ते माहीत नाही, तो जुन्याच मापानं मोजतो. हायवेच्या किलोमीटरच्या दगडांवर आम्ही ताडून बघितलं, १०० किलोमीटरला मीटर ९६ दाखवत होता. म्हणजे त्याचं ९.८ हे खरं १०.२ होतं. तक्रारीतला ०.४ हा तोटा झालाच नव्हता, तो नुसता मीटरवर होता. आणि उलट बाजू अशी की काटा ८० दाखवतो तेव्हा मोबाइलच्या जीपीएसवर ८२ च्या आसपास येत होतं. टायर बदलून ज्यांनी ॲव्हरेज पडलं किंवा वाढलं म्हणून सांगितलंय त्यांनी हे गणित केलंय का हे आधी विचारावं असं मला मनापासून वाटतं.

मग चार प्रकार ठरवले, प्रत्येकाला चार-चार खेपा. सगळं सामान अंगावर तसंच ठेवून ८०. सामान तसंच ठेवून ६०-६२. सामान उतरवून ८०. सामान उतरवून ६०-६२. सामान उतरवून म्हणजे गार्ड, छज्जा, टपावरचं कॅरिअर, वाढवलेली जाळी, जास्तीचे पाटे काढले, ॲम्प्लिफायर आणि लाइटची पट्टी बंद, ताडपत्री केबिनच्या उंचीच्या आत घट्ट ओढून. टायर चारही प्रकारांत तेच मोठे ठेवले म्हणजे त्यांचा घोळ मध्ये येणार नाही. आणि सगळीकडं किलोमीटर दगडांवरनं दुरुस्त करून घेतलेले.

सगळं सामान आणि ८०, आलं १०.२. त्याच सामानावर ६०-६२ ला १२.२. सामान काढून ८० ला ११.४. सामान काढून ६०-६२ ला १३.२.

भाचा पहिल्यांदा म्हणला, "म्हणजे सामान काढलं की दोन्हीकडं एक-सव्वा एकानं वाढलं, सारखंच की." इथंच ॲव्हरेजचा आकडा फसवतो. लिटरला किती किलोमीटर असं न बघता १०० किलोमीटरला किती लिटर असं मांडलं की खरं दिसतं. मी गॅरेजच्या पत्र्यावर खडूनं लिहून दाखवलं. सामान आणि ८०, १०० किलोमीटरला ९.८ लिटर. सामान काढून ८०, ८.७७ लिटर. म्हणजे ८० ला ते लोखंड १ लिटरच्या वर खात होतं. ६०-६२ ला सामानासकट ८.२ आणि सामान काढून ७.५८, म्हणजे तेच लोखंड तिथं ०.६ लिटर खात होतं. गार्ड तोच, जाळी तीच, छज्जा तोच, पण ८० ला त्याची भूक ६० च्या पावणेदोन पटीच्या जवळ गेली, आणि वर जे वर्गाचं गणित सांगितलं ते हेच. म्हणून कुणी मला विचारलं की कॅरिअर लावल्यानं किती ॲव्हरेज पडतं तर मी उलट विचारतो, किती स्पीडनं नेणार? स्पीड सांगितल्याशिवाय या प्रश्नाला उत्तरच नाही. अमेरिकेच्या ऊर्जा खात्यानं कारच्या टपावरच्या मोठ्या सामानपेटीबद्दल जे आकडे दिलेत त्यातही हेच दिसतं, शहरात २ ते ८ टक्के, हायवेला ६ ते १७ आणि तिथल्या इंटरस्टेटच्या स्पीडला १० ते २५ टक्के तोटा. पेटी एकच.

पैशात सांगायचं तर एका खेपेला आधी १९.६ लिटर लागायचं, आता १५.२. खेपेमागं साडेचार लिटरच्या जवळ, म्हणजे ४०० रुपये. २२ खेपांचे ९ हजाराच्या थोडं आत. गाडीच्या हप्त्यातला केवढा मोठा वाटा निघाला हा, आणि यातला मोठा भाग, खेपेला ३.२ लिटर, नुसत्या स्पीडचा. त्यासाठी एक पानासुद्धा हातात घ्यावा लागला नाही.

वजनाचं थोडक्यात. काढलेलं सगळं लोखंड आणि पाटे वजनकाट्यावर टाकले तर १९० किलो भरलं. सपाट रस्त्याला १९० किलोनं दोन-तीन टक्क्याचा फरक पडतो, घाटात जास्त, तो कधीमधी मांजरसुंब्याकडनं भाडं मारतो तेव्हा कळतंच. पण मला त्यापेक्षा दुसरी गोष्ट लागली, १९० किलो म्हणजे आठ कॅरेट टोमॅटो. आरसीवरच्या वजनात बसून तो रोज आठ कॅरेटचं भाडं कमवू शकला असता, त्याऐवजी फुकटचं लोखंड जाधववाडीला नेऊन परत आणत होता. लाइटची पट्टी आणि ॲम्प्लिफायर मिळून तीनशे वॅट धरले तर अल्टरनेटरमधली घट पकडून तासाला दीड-दोनशे मिली डिझेल जातं, रात्रीच्या खेपेला ते दिसतं.

कायद्याचं पण सांगून ठेवतो कारण हे गाडीवाल्याच्या अंगाशी येतं. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रानं राज्यांना असे बंपर गार्ड लावणाऱ्यांवर कारवाई करायला सांगितलेलं आहे, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्याला लागतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही कंपनीच्या मूळ रचनेच्या विरोधात जाऊन गाडीत बदल करता येत नाही असं सांगितलं. विम्याच्या क्लेमच्या वेळी हेच बदल आडवे येऊ शकतात.

फाळक्याचा, म्हणजे हौद्याच्या मागच्या झाकणाचा विषय राहिला. रिकामी गाडी आणताना भाचा फाळका खाली सोडून यायचा, हवा पास होती म्हणून, आणि हायवेला असे बरेच दिसतात. मी त्याला म्हणलं, आपण हवा डोळ्यानं बघू. ताईच्या स्वेटरच्या पिशवीतनं लाल लोकर घेतली, वीतभर लांबीचे तीसेक तुकडे केले आणि ताडपत्री, कमानी सगळं काढून मोकळ्या हौद्याच्या तळाला, फळ्यांना आणि फाळक्याच्या आतल्या अंगाला चिकटपट्टीनं एक टोक चिकटवलं. केबिनच्या मागच्या जाळीला मोबाइल घट्ट बांधून व्हिडिओ लावला आणि पाडळशिंगीच्या बाजूला सकाळच्या मोकळ्या रस्त्यानं ६० नं एक चक्कर मारली. परत येऊन ताईच्या ओसरीवर बसून बघितलं. फळ्यांच्या वरच्या कडेचे धागे ताठ मागं पळत होते. पण हौद्याच्या तळावरचे, फाळक्याजवळचे धागे मागं नव्हतेच, ते पुढं, केबिनकडं तोंड करून लोळत होते, थरथरत, एखाद्या वाऱ्याच्या उलट दिशेला गेल्यासारखे. भाच्यानं तो व्हिडिओ चार-पाच वेळा मागंपुढं केला.

होतं असं की फाळका बंद असला की केबिनवरनं आलेली हवा हौद्यात एक गोल भोवरा करून बसते, आणि वरची धावती हवा त्या भोवऱ्यावरनं घसरून पलीकडं जाते, फाळक्याला येऊन सरळ धडकत नाही. फाळका सोडला की तो भोवरा मोडतो आणि फायदा तर काही होत नाही, उलट थोडं नुकसानच. अमेरिकेत पिकअप विंड टनेलमध्ये ठेवून हे बघून झालेलं आहे. वर आपल्या गाडीचा फाळका उघडा लोंबत असला तर मागची नंबर प्लेट, लाइट झाकतात आणि मोटारसायकलवाल्याच्या छातीला लागेल अशा उंचीवर लोखंडाची कड येते. तो प्रकार त्यानं त्या दिवसापासून बंद केला.

ताडपत्रीबद्दल मात्र फायदा दिसला. रिकामे कॅरेट केबिनच्या वर थप्पी लावून आणायचं बंद केलं, तेच ५० कॅरेट हौद्यात लांबीला पसरून केबिनच्या उंचीच्या आत बसवले आणि वरनं ताडपत्री इतकी आवळून बांधली की बोटानं दाबली तर ढोलासारखी वाजली पाहिजे. सैल ताडपत्री फुगते, फुगली की गाडीचं तोंड मोठं होतं. त्याला दहा मिनिटं जास्त लागतात, पण रिंगा फाटायच्या थांबल्या.

टायरचं शेवटी. एका गिऱ्हाइकाचे कंपनी मापाचे टायर चार दिवस मागून घेतले आणि सामान काढलेल्या गाडीवर ६०-६२ ला मोजलं, १३.४ आलं. म्हणजे मोठ्या टायरचा खरा तोटा ०.२ चा, मोजमापाच्या चुकीएवढाच. सपाट रस्त्याला मोठ्या टायरनं इंजिनचे फेरे जरा कमी होतात ते बरं, पण उठताना आणि चढाला खालचा गिअर लागतो, तिथं ते परत जातं. त्यामुळं चांगले टायर फेकून नवीन घ्यायचा खर्च मी त्याला करू दिला नाही. घासेपर्यंत हेच चालव, पुढचे कंपनीच्या मापाचे घे, तोवर वहीत किलोमीटर दुरुस्त करून लिही. यावर आमच्यासारख्याच काही मेकॅनिक लोकांचं मत वेगळं आहे, पण आकडा बघून मला तरी घाई करण्यासारखं वाटलं नाही.

एक गोष्ट मात्र जपायची, स्पीड कमी म्हणजे पाचव्यावर ४० नं गाडी घुमवत न्यायची असं नाही. तसं केलं तर इंजिन गुदमरतं आणि तेलही वाचत नाही. पाचव्याला ६० च्या आसपास गाडी निवांत ओढते, डाव्या लेननं, पाय एका जागी ठेवून. आणि मळ्यात भरताना इंजिन चालू ठेवायचं नाही, उभ्या गाडीचं डिझेल इंजिन तासाला अर्धा-पाऊण लिटर असंच घालवतं.

हे सगळं पटल्यावर भाचा एके रात्री खरं बोलला, आणि मला वाटतं या केसमधलं सगळ्यात मोठं कारण तेच होतं. "मामा, मला काय ८० नं मारायची हौस न्हाई. लिलाव सुटला की कॅरेटमागं भाव पडतोय, अन् शेतकरी मला धरतोय. मळ्यातनंच निघायला उशीर होतोय, मग रस्त्यात भरून काढावं लागतंय." गणित केलं. १०० किलोमीटर ८० नं गेलं तर सव्वा तास, ६० नं गेलं तर एक तास ४० मिनिटं, कागदावर २५ मिनिटांचा फरक. प्रत्यक्षात टोल, गावं, ट्रकच्या रांगा, सगळं धरून त्याच्या वहीत फरक १६ ते १८ मिनिटांचा येत होता. म्हणजे तो ही १६-१८ मिनिटं विकत घेत होता, निम्म्या खेपेचं नुसत्या स्पीडपायी गेलेलं १.६ लिटर तेल देऊन, दीडशेच्या आसपास रुपयांना. आणि ती मिनिटं गेली कुठं होती, तर मळ्यात. कुणाचे कॅरेट भरलेले नाहीत, कुणाची लाइट गेलेली म्हणून बॅटरीच्या उजेडात माल निवडणं चालू, कुणाची बाई आजारी म्हणून मजूर नाही. पोरगा हौद्यापाशी उभा राहून घड्याळ बघतोय आणि त्याचा पाय तिथंच ठरतोय.

मग आम्ही दोघं मिळून चारही मळ्यांवर गेलो. मी वडीलधारा म्हणून सोबत गेलो, त्याच्या एकट्याच्या शब्दाला तेवढं वजन आलं नसतं. सांगितलं की गाडी अर्धा तास आधी येईल, माल बांधावर आणून ठेवा, म्हणजे पोरगं निवांत जाईल, तुमचा माल कमी आदळंल, टोमॅटो कमी फुटंल. त्यांना टोमॅटोचं पटलं. तिघांनी लगेच हो म्हणलं. चौथे काका म्हणले, "बघू बाबा, पाणी रात्रीचंच असतंय आम्हाला, लाइटीवर हाय सगळं." त्यांचंही खोटं नाही. तीन-तीन दिवस पंपाची थ्री-फेज लाइट रात्रीची असते, त्या रात्री ते दारे धरणार का कॅरेट भरणार.

घटस्थापनेपासून तो या पद्धतीनं चालवतोय. काढलेली जाळी ताईनं परसात उभी केली, तिच्यावर दोडक्याचा वेल सोडलाय. वही गाडीच्या डॅशबोर्डवर असते, दर दुसऱ्या खेपेला आकडा लिहितो, गेल्या महिन्यात १३.१, १३.३, १२.९, १३.२ असे आहेत. मध्येच एके ठिकाणी १२.७ लिहिलंय आणि पुढं त्याच्या अक्षरात, "काकांच्या मळ्यात ४० मिनिटं, लाइट रात्री दोनला आली, ८० नं गेलो, लिलाव सापडला."